पद्मावतीबाईंची हजेरी

माझ्या आईनं, पद्मावतीबाईनं, सुर्ल्याच्या खाणीवर राबणाऱ्या बायकांना चाळीस वर्षं लिहायला-वाचायला शिकवलं. तिच्या वर्षश्राद्धाला त्या सगळ्या जमल्या. वर्गाच्या हजेरीची जुनी कॅसेट मला सापडली होती. ती लावताच बायका हरखून गेल्या.

"सरस्वती!" आईचा आवाज आला.

"हजर, बाई!" सरस्वती उठून ओरडली. टाळ्यांचा नुसता कल्लोळ झाला.

"पार्वती!"

पार्वतीला हसू आवरेना. कॅसेट फिरत होती, पण आई गप्प. शेवटी पार्वती कसंबसं "हजर" म्हणाली, तेव्हाच पुढचं नाव आलं.

टाळ्या थांबल्या.

"दारात कोण गो? बाळाला आत घे, ऊन लागतंय," कॅसेटमधून आई म्हणाली.

आम्ही वळून पाहिलं. म्हापशाच्या बसनं आलेली माझी सून दोन महिन्यांच्या नातीला घेऊन उंबऱ्यात उभी होती.