उपाशीपोटी पंधरा

"पंधरा," मनिझा हळूच म्हणाली.

मुकर्रमाने टोचलेलं बोट मुठीत मिटून घेतलं. काल चौदा, आज पंधरा. वसंतभर रक्तातल्या साखरेचा हाच सकाळचा आकडा इथल्या मापाने सहा-सातच्या पुढे गेला नव्हता. जर्दाळू पिकले आणि सगळं बिनसलं.

"घ्या. आणि म्हणे एकही जर्दाळू खाल्ला नाही," फाटकातून आत येता येता उमेद म्हणाला. हा तिचा थोरला. खुजंद शहरातून गाडी घेऊन आला होता. गाडीचं मागचं दार त्याने सताड उघडं ठेवलं होतं. म्हणजे आज तो नुसतं बोलून थांबणार नव्हता.

"नाही खाल्ला," मुकर्रमा म्हणाली.

"मग काय वारा लागून साखर वाढते?"

"मला काय विचारतोस? त्या साखर मोजायच्या डबीला विचार."

इस्फऱ्याच्या जर्दाळूबागांत या दिवसांत कुणी घरात बसत नाही. उन्हं चढायच्या आत जर्दाळू फोडायचे, बिया काढायच्या, फोडी फळ्यांवर उताण्या मांडायच्या. मुकर्रमा तांबडं फुटताच टोपल्यांपाशी बसायची. पाण्याचा घोटही न घेता, कारण उमेदचा हुकूमच होता, तपासणी होईपर्यंत तोंडात काही जायचं नाही. गाईची धार काढून मनिझा, तिची धाकटी सून, यायची, सासूच्या बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवायची आणि टोचायची. मग फोन घेऊन तुतीच्या झाडामागे जायची. तिथून तिची कुजबुज तेवढी ऐकू यायची. दुपारी उमेदचा फोन ठरलेला. आई, पुन्हा खाल्लेत ना?

सुईपेक्षा ती कुजबुज मुकर्रमाला जास्त बोचायची. धाकटा मुलगा कामासाठी रशियात, घरात दोघीच. सासू एकदा शहरात गेली की सुनेचं राज्य. यात न कळण्यासारखं काय होतं? हट्टाने तिने कोठीची किल्लीही मनिझाच्या अंगावर टाकली होती. तरी आकडा उतरेना. आपण झोपेत उठून खातो की काय, असंसुद्धा तिच्या मनात येऊ लागलं होतं.

"बोचकं बांधा आई," उमेद म्हणाला. "माझं घर चौथ्या मजल्यावर असलं तरी लिफ्ट आहे. दवाखाना समोर. इन्शुलिन सुरू करावं लागेल म्हणतात डॉक्टर."

"आणि ही झाडं? तुझ्या बापाने लावलेली?"

"झाडांना मधुमेह होत नाही."

हे सगळं तो बोलत होता, पण बोलता बोलता टोपलीपाशी मांडी घालून बसलाही होता. या घरात वाढलेल्या माणसाचे हात जर्दाळू दिसल्यावर स्वस्थ राहतच नाहीत. अंगठ्याने फळ चिरायचं, बी बाजूला, फोडी फळीवर. रागाच्या भरात त्याने अर्धी टोपली उरकली.

मुकर्रमा बघत होती. मग म्हणाली, "येते मी. पण आधी तुझं बोट टोच. सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना?"

"चहासुद्धा नाही."

"मग टोच. तुझा आकडा बघते आणि मुकाट गाडीत बसते."

उमेद हसला. बोळा फिरवून त्याने बोट पुढे केलं. मनिझाने टोचलं. यंत्र जरा वेळ गप्प राहिलं. मग आकडा उमटला, तसं मनिझाने ते डोळ्यांजवळ नेलं.

"काय झालं?"

"उमेद-आका, सतरा." थोरल्या दिराला ती आका, म्हणजे दादा म्हणायची.

पस्तिशीचा धडधाकट गडी, पण चेहरा पांढराफटक पडला. "आण इकडे. बिघडलंय हे."

"बिघडलं कशाने? चोरून खाल्लं असशील," मुकर्रमा म्हणाली. "चल, दोघं मिळूनच भरती होऊ."

मनिझा हसली नाही. ती दिराच्या बोटांकडे बघत होती. बोटं जर्दाळूच्या गोड रसाने केशरी झाली होती, एकमेकांना चिकटत होती, आणि नखावर एक माशी येऊन बसली होती.

ती धावत आत गेली आणि झारी-तस्त घेऊन आली. इथे हात धुवायचं पाणी येतं ते जेवणाच्या दस्तरखानासोबत, रोटीला हात लावायच्या आधी. आणि तपासणी व्हायची त्याच्याही आधी. बोळा फिरवला की बोट स्वच्छ, असंच सगळे धरून चालले होते. तिने उमेदच्या हातांवर पाणी घातलं, साबण दिला, हात कोरडे पुसले आणि दुसरं बोट टोचलं.

"पाच."

मग सासूचे हात. मनिझाने ते स्वतः चोळले, नखांच्या कडांपर्यंत. तस्तात केशरी पाणी उतरलं.

"सहा," ती म्हणाली. "आई, सहा आहे."

मुकर्रमाने दोन्ही ओले तळवे दुआसाठी वर धरले आणि सावकाश चेहऱ्यावरून फिरवले.

उमेद जाऊन गाडीचं दार लावून आला. "आई, मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

"तुझा काय दोष? इथून जे कानावर आलं, ते तू खरं मानलंस."

"इथून?" उमेदला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने मनिझाकडे बोट केलं. "ही? हिला आकडा सांगायला कितीसा वेळ लागायचा? बाकी सगळा वेळ माझ्याशी भांडायची. 'आका, यंत्र चुकत असेल, आई खोटं बोलत नाहीत.' रोज हेच. काल तर ओरडलीच माझ्यावर."

मनिझाने रुमाल कपाळावर ओढला आणि दस्तरखान आणायला वळली. ती या घरात आल्यापासून सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत आली होती. तिच्या हातांवर कधी कुणी घातलं नव्हतं.

मुकर्रमाने झारी उचलली.

"आई, हे काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. हात पुढे कर."