मास्तरांची सरळ रेघ

नव्या पडद्यावर आकडा पुन्हा चढला. अठ्ठावन्न अंश.

शेजारच्या जुन्या पडद्यावर सव्वीस. टाकी तीच, मका तोच, क्षणही तोच.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," मॅनेजर म्हणाला. "आणि जुना आजवर कधी खोटं बोललेला नाही."

पडद्यांसमोर बसलेली ती खिडकीकडे वळली. खिडकीबाहेर धान्याची उंच पत्र्याची टाकी उभी होती. आतला मका घट्ट होऊन बसला होता, खालचं दार उघडलं तरी सुटत नव्हता. कुणीतरी वरून दोराने उतरून तो फोडायला हवा होता. हे कुणीतरी म्हणजे तिचा नवरा. कमरेला पट्टा बांधून तो टाकीच्या माथ्यावर बसला होता.

धान्य तापलं असेल तर माणूस आत उतरवायचा नाही, हा तिथला नियम. आतल्या आत धुमसणारं धान्य वरून दिसत नाही. श्वासाला हवा उरत नाही आणि पायाखालचा थर कधी खचेल याचा भरवसा नसतो.

जुना प्रोग्रॅम मास्तरांनी लिहिला होता. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण इथे सगळ्यांना शिकवलं, म्हणून मास्तर. ते वारले आणि प्रोग्रॅम तिच्या गळ्यात पडला. लोकांना वारशात घरदार मिळतं, हिला ही कटकट मिळाली. जुना संगणक शेवटच्या घटका मोजत होता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरचं बोलणं संगणकाला समजावून सांगणारा दुभाषा, नव्या यंत्रावर चालत नव्हता. म्हणून तिने नवा ड्रायव्हर बसवला, सेन्सरच्या तारा दोन्ही संगणकांना जोडल्या आणि मास्तरांचा प्रोग्रॅम नव्याने लिहून काढला.

टेबलावर मास्तरांच्या खुणा तशाच होत्या. मोडक्या दांडीचा चष्मा, आणि चाचणीपुरता जोडलेला एक जादा सेन्सर, बोटाएवढी स्टीलची कांडी. तिची तार कपाटामागून इतर तारांच्या जुडग्यात गेली होती. ती काढायची राहूनच गेली. आता कागद उडू नयेत म्हणून तिचा उपयोग होई.

वॉकीटॉकी खरखरला. "अगं, उतरू का? इथे कबुतरांनी नुसती गर्दी केलीय. ऑफिसचं छप्पर सोडून सगळी माझ्याजवळ येऊन बसलीत. वारा गार आहे हं आज."

"थांब जरा."

"थांबतो. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?"

मॅनेजरने घड्याळाकडे पाहिलं. "खाली गाड्या खोळंबल्यात, मॅडम. जुन्या पडद्यावर मास्तरांची रेघ बघा. इतकी वर्षं सरळ. दुपार कलताना तेवढा एक बारीकसा उंचवटा येतो, टाकीवर ऊन येतं म्हणून. बाकी काही नाही."

तिने दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी उघडले आणि ओळीवर ओळ ताडून पाहू लागली. आणि चूक सापडली. मास्तरांनी टाकीच्या सेन्सरची जागा एक लिहिली होती. तिने लिहिली होती शून्य. तारांच्या जागा शून्यापासून मोजायच्या, ही सवय तिच्या अंगात मुरलेली. या धंद्यात तिथे प्रत्येकजण एकदा तरी ठेचकाळतो. पण मास्तर नाहीत, मास्तर कसे ठेचकाळतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःला बजावत तिने शून्य खोडून एक लिहिला.

नवा आकडा धाडकन खाली आला. सव्वीस. दोन्ही पडद्यांवरच्या रेघा आता जुळ्या दिसत होत्या.

"माझंच चुकलं, साहेब. एका घराने सरकले होते."

"मग ते अठ्ठावन्न कशाचं होतं?"

"ती जागा रिकामी असणार. रिकाम्या जागेवर काहीही आकडे येतात."

"मास्तर ते मास्तरच," मॅनेजर म्हणाला आणि चहा आणायला गेला.

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की डोळे भरून आले. तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरला.

"उतर. पण सांभाळून."

"हुकूम सरकार."

खिडकीबाहेर दोर हलला, मग ताणला गेला. मॅनेजर गरम चहाचे दोन स्टीलचे पेले घेऊन आला. एक तिला दिला, दुसरा नेहमीच्या जागी, टेबलाच्या कडेला, कागदांवरच्या कांडीला टेकवून ठेवला.

"पोचलो गं," वॉकीटॉकीतून आवाज आला. "पाय टेकले."

जुन्या पडद्यावरची रेघ किंचित वर वळली. तिच्याबरोबर नवीही.

"बघा," मॅनेजर हसला, "आलं ऊन."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. टाकीचा पत्रा काळवंडला होता आणि माथ्यावर कबुतरं अंगाला अंग घासून बसली होती.

मॅनेजरने कांडीला टेकलेला पेला उचलून घोट घेतला. दोन्ही रेघा खाली उतरू लागल्या.