रेडिएटरची हाक

लेकीला कडेवर घेऊन मी डबा द्यायला वर्कशॉपात गेले, तेव्हा नवरा बुलडोझरचा रेडिएटर धूत होता. पाणी ओतलं की आतून आवाज यायचा, “बुग्ग!” लेकही लगेच म्हणायची, “बुग्ग!”

“हवा निघतेय,” तो म्हणाला. “हिचं बोबडं बोलणं सुरू झालं बघ. आधी ‘बाबा’च म्हणणार!”

“स्वप्नं बघ तू!” मी म्हटलं. ‘आई’ ऐकायला माझे कान कधीचे आसुसले होते.

खालची तोटी उघडून त्यानं शेवटचा थेंबही काढला आणि नवं कूलंट आणायला तो आत गेला.

“आई.”

“ओ गं, माझी सोनुली!” हरखून मी ओ दिली.

लेक खांद्यावर केव्हाच झोपली होती.

कोरड्या रेडिएटरमध्ये कुणीतरी खुदकन हसलं.