टाचण्यांचं कुंपण

महिनाभर खपून म्हाताऱ्या मेकॅनिकने जन्मभर सांभाळलेल्या विमानाच्या छोट्या प्रतिकृतीसाठी फळीवर धावपट्टी मांडली: प्लास्टरची जमीन, भुशाचं हिरवं गवत, इंजिनाकडे तोंड करून राबणारा बोटभर मेकॅनिकसुद्धा. “बघ गं, काही राहिलं का?” शिवणकाम बाजूला ठेवून बायकोने चष्मा चढवला. “मीच राहिले की!” “तू कुठे होतीस तिथे?” “कुंपणापलीकडे. रोज डबा घेऊन ताटकळायचे. तुमची पाठ अगदी पाठ झालीय मला.” म्हातारा हसायला गेला, पण हसू ओठांवरच विरलं. फळी तर गवतापाशीच संपत होती. त्याने तिचीच लाकडी मोजपट्टी मागून फळीला जोडली, तिच्याच टाचण्या रोवून, दोरा ताणून कुंपण घातलं आणि पलीकडे लाल डोक्याची टाचणी उभी केली. “अगंबाई, किती बारीक झाले मी!” त्याने चिकटवलेला मेकॅनिक अलगद सोडवला, कुंपणाकडे तोंड करून उभा केला.