पारड्यांची अदलाबदल

मंगळवार, सकाळी साडेदहा. बालकल्याण कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील सात क्रमांकाच्या खोलीत, एका दहा वर्षांच्या मुलीने यापुढे कुठे राहायचे, याचा निकाल व्हायचा होता.

टेबलाच्या एका बाजूला तिचा मामा बसला होता; कडक इस्त्रीचा सदरा, हातात जाडजूड फाईल. समोर वजनकाटे दुरुस्त करणारा कारागीर, नखांत कायमचे वंगण. वर्षभरापूर्वी मुलीची आई गेली, तेव्हापासून दोघांत हा वाद चालला होता. आज मात्र कारागिराने आधीच हार पत्करली होती. जिना चढतानाच त्याने मुलीला बजावले होते, "अधिकारी बाई विचारतील तेव्हा मामाकडे राहते म्हण. तिथे तुला स्वतंत्र खोली आहे. भलं होईल तुझं."

"कशावरून?" मुलीने विचारले होते.

मामाने नेमके हेच शस्त्र उपसले. "बाई, आज गारठा आहे म्हटलं, तरी ही पोर 'कशावरून' विचारते! सगळं तपासून घ्यायचं म्हणे. यांचं खूळ आहे ते, यांनी हिच्या डोक्यात भरलंय. हिला स्वतःचं मतच उरलेलं नाही. यांनी बोलायचं, हिने री ओढायची."

आरोपात तथ्य होते. कुठलाही काटा एकदाच तोलून कारागीर कधी निर्वाळा देत नसे. वजन आणि माल यांची पारडी बदलून पुन्हा तोलायचे, आणि दोन्ही खेपांना काटा मध्यावरच थांबला तर तो खरा. दुधाचे दात पडण्याआधीपासून मुलगी हे पाहत आली होती.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "बाळ, तुझं मत सांग. कुणी पढवलेलं नको."

"बाबांनी पढवलंय," मुलगी म्हणाली. "मामाकडे जा म्हणालेत."

मामाचा चेहरा उजळला.

"पण ते चुकतायत. मी तपासलं. सुट्टीत दोन आठवडे मामाकडे राहिले, मग दोन आठवडे घरी. दोन्हीकडे रोज एक प्रश्न विचारला. मामाकडे चौदाही वेळा उत्तर आलं, 'मोठ्यांना उलट विचारू नये.'"

"आणि घरी?"

"पाच वेळा खरं उत्तर. नऊ वेळा बाबा म्हणाले, 'मला माहीत नाही, चल शोधू.'"

"म्हणजे काही न येणारा माणूस बरा?" मामा उसळला.

"कबूल करणारा बरा, मामा."

कारागिराने मान खाली घातली. जन्मात पहिल्यांदाच तिने त्याचे मत खोडून काढले होते, आणि तेही त्याच्याच रीतीने. हरण्यात इतके सुख असते, हे त्याला ठाऊक नव्हते.

बाईंनी फाईल मिटून मामाकडे सरकवली.

"तुमचे कागद बिनचूक आहेत," त्या म्हणाल्या. "हे गृहस्थ हिच्या आईचे केवळ शेजारी, रक्ताचे, नात्यागोत्याचे कुणीही नव्हेत. तरीही मुलगी तिच्या या बापाकडेच राहील."