खुंटीवरची तहान

"तुम्हाला तक्रार ऐकायचीच नव्हती. तुम्हाला फक्त तक्रार करणारं तोंड हवं होतं!"

वाक्य झकास जमलं होतं. फक्त ते ऐकायला साहेब समोर नव्हते. भाची कारखान्याच्या जिन्यात उभी होती, छातीशी लॅपटॉप धरून, आणि साहेबांची खोली वर राहिली होती.

वर तिनं आपला प्रबंध सादर केला होता. औद्योगिक मानसशास्त्रात एम.ए. करत होती ती. माणूस कामावर कशानं फुलतो आणि कशानं सुकतो, याचा अभ्यास. त्यासाठी तिनं निवडला सख्खी मावशी कामाला होती तो कारखाना, औषधाच्या बाटल्या भरण्याचा. सुरुवातीला एकही बाई तोंड उघडेना. मग मावशीच पुढे सरसावली. "मी बोलते आधी. नाव कुठे येत नाही गं बायांनो, माझी भाची आहे ती!" त्या भरवशावर बायका बोलत्या झाल्या.

बोलल्या त्या बिल्ल्याबद्दल. अख्ख्या लाइनीला मिळून एकच बिल्ला. तो गळ्यात असेल तिनंच संडासला जायचं, बाकीच्यांनी तो परत यायची वाट बघत पाय आवळून उभं राहायचं. म्हणून बायका कामावर पाणीच पीत नसत. एकीचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसरी त्याच वाटेवर होती.

भाचीनं सगळ्यांची नावं काढून टाकली, नावाच्या जागी क्रमांक घातले. पण मावशीचं एक वाक्य तिला बदलवेना. मार्गदर्शक सर तर ते वाचून खुर्चीतून उठलेच होते. "एका शब्दालाही हात लावायचा नाही. प्रबंधाचा सगळा जीव इथे आहे." हात लावायचा नव्हताच तिला. या वाक्यावर आपली वाहवा होणार, हे ती ओळखून होती.

तेच वाक्य आज पडद्यावर आलं. महिला कामगार, क्रमांक चार : "आम्हाला तहान लागत नाही बाई. ती आम्ही घरीच खुंटीला अडकवून येतो, छत्रीसारखी. संध्याकाळी गेलं की आहेच."

उत्पादन प्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "अहो, ही तर आपली रेडिओ! दुसरं कोण बोलणार असं?"

कारखान्यात मावशीला रेडिओच म्हणत. लाइनीवर दिवसभर तिचं असलं काहीबाही चालू असे आणि बायकांचा दिवस त्यावरच निभे. प्रमुखांनी तिच्यासारखी मान वेळावली, कमरेवर हात ठेवला, आवाज बारीक केला. "छत्रीसाऽरखी!" चहा घेऊन आलेल्या दादाच्या हातात ट्रे तसाच राहिला. खोलीत हास्याचा स्फोट झाला. टेबलाभोवतीचं एकही माणूस हसायचं राहिलं नाही.

साहेबांनी डोळे पुसले. "रेडिओला जरा शांत जागा देऊ या," ते प्रमुखांना म्हणाले. मग भाचीकडे वळले. "डिग्री हातात पडली की सरळ इकडे या. माणसांना बोलतं करणारं कुणीतरी आम्हाला हवंच आहे." बिल्ल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिनंही नाही.

संध्याकाळी मावशी घरी आली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली.

"उद्यापासून तळघरात," ती म्हणाली. "परत आलेल्या बाटल्यांची लेबलं खरवडायची. बरंच झालं म्हण. खाली बिल्ला लागत नाही. पाणी प्यायचं तेवढं प्या, जायचं तेव्हा जा. फक्त बोलायला कुणी नाही."

भाचीनं तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. "माझं चुकलं गं मावशी. तुझं बोलणं मी बदलायला हवं होतं. पण ते हरामखोर आहेत! त्यांना तक्रार ऐकायचीच नव्हती. त्यांना फक्त तक्रार करणारं तोंड हवं होतं!" जिन्यातलं वाक्य तिनं इथे पुरं म्हटलं. चांगलं मोठ्यानं.

"हे त्यांना सुनावलंस?"

भाचीनं ग्लास तिच्याकडे आणखी सरकवला.

"जाऊ दे," मावशी म्हणाली. "आणि बदलायचं काय त्यात? माझं बोलणं ओळखू येईल हे मला कळत नव्हतं होय? आंधळ्यालाही ओळखू येतं ते. मुद्दाम बोलले तसं. म्हटलं, दुसरीचं नाव नको, माझं पोचू दे वरपर्यंत. तळघराचं मला काही नाही."

भाचीला हायसं वाटलं. तिनं डोळे पुसले.

मावशीनं ग्लास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

"चहावाला दादा सांगत होता, त्या प्रमुखानं माझी नक्कल केली म्हणे. आणि सगळे हसले. सगळे म्हणजे कोण कोण गं? खाली काय बघतेस, इकडे बघ माझ्याकडे. तू हसलीस?"