घरचा आवाज

सकाळी उपग्रह कक्षेत पोहोचला तेव्हा नियंत्रण कक्षात सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. बातम्यांत तो हवामानाचा उपग्रह होता. प्रत्यक्षात त्याचं पावसापाण्याशी काही देणंघेणं नव्हतं. लोकांचे फोन वरून ऐकायला त्याला पाठवलं होतं.

दुपारी त्याची पहिली चाचणी झाली. परक्या माणसांवर ती घ्यायला कायद्याची आडकाठी, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरचेच फोन ऐकायचे अशी तिथली रीत. आवाज ओळखू येतो का, हे घरच्या माणसाइतकं नेमकं कोण सांगणार? परवानगी सगळ्यांनी आपण होऊन दिली होती. घरच्यांना अर्थातच पत्ता नव्हता.

कर्मचाऱ्यांतल्या एका तरुणीने हेडफोन लावले. तिचा धाकटा भाऊ आत्याशी बोलत होता. त्याने नाक ओढलेलंसुद्धा कळत होतं.

"डॉक्टर म्हणाले, आजची रात्र काढली तरी खूप. बाबा सारखं ताईचंच नाव घेतायत. पण तिला कळवायचं नाही, आत्या. बाबांनीच बजावलंय. तिचं एवढं मोठं काम नीट होऊ दे म्हणतात."

तिने हेडफोन काढून ठेवले. ती तशीच उठून प्रमुखांकडे गेली.

"सर, मला घरी जायला हवं. माझे बाबा..."

"आवाज कसा होता?"

"स्पष्ट होता. पण सर..."

"मग बाकीचं तुम्ही ऐकलेलंच नाही."

माणूस वाईट नव्हता, स्वतः दोन मुलींचा बाप होता. त्याने आवाज खाली आणला. "उपग्रह स्थिर होईपर्यंत कोणालाच बाहेर सोडता येत नाही. घरून निरोप आला तरच सुट्टी. संध्याकाळी तुमचा घरी फोन आहे ना? भावाला स्वतःच्या तोंडाने सांगू दे, मी गाडी दारात उभी करतो. तुम्ही मात्र एक अक्षर सुचवायचं नाही."

संध्याकाळी फोनच्या खोलीत सुरक्षा अधिकारी तिच्यासमोर बसला. त्याच्याही कानाला हेडफोन होते आणि बोट फोन तोडायच्या बटणावर.

"ताई! बघितला तुझा उपग्रह टीव्हीवर. आता छत्री घ्यायची की नाही ते तुलाच विचारत जाणार."

"बाबा कसे आहेत?"

"मजेत."

"दे ना त्यांना जरा."

"झोपलेत गं."

"या वेळी?"

"म्हातारं माणूस, लागतो डोळा."

लहानपणी त्याला एक थाप धड मारता यायची नाही. आज नेमकी जमत होती. त्याला गदागदा हलवावं असं तिला वाटलं.

"हे बघ, माझ्या कामाचं राहू दे. काही असेल तर सांग. अगदी काहीही. तुला माझी शपथ."

अधिकाऱ्याने मान वर केली. पलीकडे भावाचा श्वास अडखळलेला तिला ऐकू आला. सांग रे, ती मनातल्या मनात म्हणाली, सांगून टाक.

मग तो एकदम हसला. "तुझं आपलं काहीतरीच! की वर बसून आमचं बोलणं ऐकतेस?"

अधिकाऱ्याचं बोट बटणावर घट्ट झालं. तो तिच्याकडेच बघत होता.

"छे रे," ती हसली. "मी कशाला ऐकते?"

"मग झालं तर. निश्चिंत राहा. बाबा उठले की सांगतो, ताईचा फोन आला होता म्हणून."

फोन बंद झाला. अधिकाऱ्याने बटणावरचं बोट उचललं.

"छान सांभाळून घेतलंत, मॅडम," तो म्हणाला.